साठ किलोची बाजू

भीमराज फिटरला गाडीखाली झोपायला सांगा, तो दिवसभर झोपेल. आजारी माणसाच्या उशाशी मात्र अर्धा तास बसायला सांगू नका. आता तुम्ही म्हणाल, हा कसला माणूस! खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटायचं. पण बायकोवर त्याचा जीव होता, आणि सगळा घोळ तिथंच झाला.

सव्वीस वर्षं त्यानं नगरच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये शॉकअप आणि स्प्रिंगच्या पाट्यांचं काम केलं. रिटायर झाला त्या वर्षी, म्हणजे शहाण्णव साली, स्टेशन रोडच्या गनीभाईच्या गॅरेजात एक मोडकी गाडी आली. भीमराज आता तिथंच वेळ काढायला बसायचा. लाल, ठेंगणी, वर टप नाही, दोनच सिटा. मुंबईच्या कुणा हौशी माणसानं छोट्या गाडीचं इंजिन घालून ती स्पोर्ट गाडी बनवून घेतली होती. पुष्पावती, म्हणजे भीमराजची बायको, डबा द्यायला तिथं गेली आणि गाडीभोवती दोन चकरा मारून म्हणाली, ह्यातनं मला एकदा माहेरी न्या, पारनेरच्या सगळ्या आळीला बघू दे. भीमराजनं ती गाडी घेतली आणि दारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये लावली.

पावसाळ्यात तिचा आजार निघाला. हाडांत उतरलेला. डॉक्टरांनी साफ सांगितलं, की आता फार दिवस नाहीत, आणि जेवढे आहेत तेवढ्यात अंगाला धक्का बसू देऊ नका. घरी आल्यावर पुष्पावतीनं एकच मागितलं. पारनेर. भावाचं घर, आईच्या हातची चूल, आळीतल्या बायका. आणि न्यायचं तर त्या लाल गाडीतनंच, जीपबीप नको.

गाडी तर दगड होती. जमिनीपासून वीतभर उंच, खड्डा आला की मणका मोजून घ्यावा. भीमराज पुण्याला गेला, नाना पेठेत चार दिवस हिंडला. एका दुकानात शर्यतीचे शॉकअप होते, चकचकीत पण लोखंडासारखे कडक. दुसरीकडं रॅलीच्या एका मोडलेल्या गाडीच्या शॉकअपचा संच मिळाला, आणि त्याला हवा होता तो तोच. स्प्रिंगखाली आट्यांची रिंग, ती फिरवून त्या बाजूची उंची आणि ताण वजनाप्रमाणं बसवायचा. वर एक छोटी कळ, तिच्या सोळा टिचक्या. इकडं फिरवली की शॉकअप मऊ, तिकडं फिरवली की कडक. म्हणजे बसणाऱ्या माणसाच्या अंगाबेतानं गाडी शिवता येते, असं तो गनीभाईला सांगायचा.

चार महिने तो शेडमध्येच राहिला म्हणा ना. आईचं सगळं प्रज्ञा करायची, त्यांची लेक. न्हाऊ घालणं, कुशीवर वळवणं, उचलून उन्हात बसवणं. भीमराज सकाळी दारातून डोकावायचा, गोधडीतून बाहेर आलेला चेहरा बघायचा, बरं वाटतं का विचारायचा आणि हो म्हणायच्या आत पाना घेऊन निघून जायचा. तिच्याकडं नीट बघायचं त्याला धाडस होत नव्हतं, एवढंच खरं.

डाव्या बाजूची, म्हणजे तिच्या सिटाकडची, सेटिंग करायला वजन पाहिजे होतं. काष्टीच्या बाजारात एकदा दोघं हौसेनं आडत्याच्या काट्यावर उभी राहिली होती. तिचं साठ भरलं, त्याचं अठ्ठावन्न, आणि ती त्याला वर्षभर 'हलका माणूस' म्हणून चिडवत होती. ते साठ त्याच्या डोक्यात पक्कं होतं. त्यानं साठ किलो बाजरीचं पोतं सिटावर बांधलं आणि सेटिंग सुरू केली. केडगावपर्यंत जायचा, यायचा, रिंग फिरवायचा, दोन टिचक्या इकडं, एक तिकडं. पोतं काही कण्हत नाही. शेवटी गाडी अशी बसली, की गनीभाईनं फेरी मारून आल्यावर टोपी काढली. पण जाता जाता तो म्हणाला, "भीमराजभाई, एकदा भाभींना बसवून बघा. माणसाची सेटिंग माणसावरच होते."

हे काय भीमराजला माहीत नव्हतं? सव्वीस वर्षं तो पोरांना हेच शिकवत आला होता. तरी म्हणाला, तिला उगाच त्रास कशाला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! माप घ्यायचं माणूस शेडपासून दहा पावलांवर निजलेलं होतं.

पारनेरला निरोप धाडून जानेवारीतल्या एका सकाळी निघाले. प्रज्ञानं आईला उचलून सिटावर ठेवलं, दोन्ही बाजूंना उशा लावल्या, वरून शाल गुंडाळली. भीमराज तेव्हा चाकांची हवा बघत होता. दोनच सिटा, म्हणून प्रज्ञा मागं राहिली.

केडगावपर्यंत पुष्पावती हसत होती. फाट्यावरची माणसं वळून बघत होती आणि तिनं दोघांतिघांना हातही केला. पुढं रस्ता उखडलेला लागला. तिचा हात शालीत गेला तो बाहेर आला नाही. भीमराजनं विचारलं, कशी चाललीय, तर म्हणाली, मस्त. कामरगावच्या घाटात डाव्या बाजूनं ठक ठक आवाज यायला लागला. पोतं होतं तेव्हा हा आवाज नव्हता. नट ढिला झाला असंल, असं धरून तो चालवत राहिला. ती दात आवळून पुढं बघत होती.

सुपं ओलांडल्यावर तिनं सांगितलं, जरा खाली उतरवा. रस्त्याकडेला लिंबाचं झाड होतं, तिथं त्यानं गाडी लावली. तो तिच्या बाजूला गेला, वाकला, एक हात पाठीखाली आणि एक गुडघ्यांखाली घातला आणि साठ किलोचा जोर लावला.

ती एकदम वर आली. एवढी, की तो दोन पावलं मागं धडपडला आणि कसाबसा सावरला. शाल घसरली. हात काय, खांदा काय, काही राहिलेलंच नव्हतं. चार महिन्यांत पहिल्यांदा त्यानं बायकोला हातात घेतलं होतं.

"किती हाय गं वजन?"

"मागल्या म्हैन्यात दवाखान्यात चौतीस भरलं. आता कमीच आसंल."

"मला कुनी सांगितलं न्हाई."

"तुमी इचारलं न्हाई," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता.

तिला मांडीवर घेऊनच तो झाडाखाली बसला. एवढं लागत होतं तर बोलली का नाहीस, असं त्यानं विचारलं. ती म्हणाली, "चार म्हैने तुमी त्या गाडीखाली हुता. माझ्यासाठीच हुता, मला म्हाईत हाय. मंग गाडी बरी न्हाई आसं कसं म्हनू?"

भीमराज तिथंच लहान पोरासारखा रडला. मग डोळे पुसले, तिला अलगद सिटावर ठेवलं आणि पाने काढले. नट ढिला नव्हताच, साठ किलोला बसवलेली स्प्रिंग तिच्या हलक्या अंगाखाली उसळत होती. त्यानं डावी रिंग खाली आणली. कळ मऊकडं फिरवली, एक टिचकी, दोन टिचक्या. हातानं गाडी दाबून हलवायचा आणि विचारायचा. पहिल्यांदा ती सवयीनं म्हणाली, बरी हाय. त्यानं तिचा हात धरला आणि खरं सांग म्हणाला. मग ती खरं सांगायला लागली. अजून लागतंय. कमरेत लागतंय. आता खांद्याला लागतंय. अजून मऊ करा. पाऊण तास तो फिरवत होता आणि ती सांगत होती. गेल्या चार महिन्यांत दोघं एवढी बोलली नव्हती.

"आता न्हाई लागत," ती शेवटी म्हणाली.

तो हरखून उठला. हात पुसत म्हणाला, चल, अर्ध्या तासात पारनेर. तिनं पुढच्या रस्त्याकडं बघितलं. चेहरा पांढराफटक पडला होता, मान उशीवर कलली होती.

"पारनेर नको आता. घरी चला. बसवत न्हाई."

त्यानं पुन्हा विचारलं नाही. गाडी वळवली आणि तोच उखडलेला रस्ता धरला. एकेक खड्डा चाकाखालून जात होता आणि सिटापर्यंत काही पोचत नव्हतं. सव्वीस वर्षांत अशी सेटिंग त्याच्या हातून झाली नव्हती. घाटात ती झोपली. तो रडत रडत, पंचवीसच्या वर काटा जाऊ न देता, घरापर्यंत आला.

ती नवव्या दिवशी गेली. पारनेरहून तिचा भाऊ आसाराम आला. सगळं आवरल्यावर संध्याकाळी तो भीमराजजवळ येऊन बसला. आळीतल्या बायका त्या दिवशी दुपारपर्यंत वाट बघत होत्या, असं त्यानं सांगितलं.

"दाजी, सुप्यापतूर आला हुता म्हनं. मंग पुढं का न्हाई आला?"

"सुप्यापतूर माझी चूक हुती, आसाराम," भीमराज म्हणाला. "ती तिनं अंगावर काढली. तिथनं पुढं तिच्यात जीवच उरला न्हाई."