फाट्यापर्यंत

कागद हातात आला, पण हातात राहिला नाही. ओल्या राखेसारखा बोटांमधून गळून रामरावच्या पायाशी पडला.

"गेला," रामराव म्हणाला.

"काय गेला?"

"फिल्टर. पाह्य, नुसती जाळी राह्यली." त्यानं भोकाभोकांची पत्र्याची नळी देवानंदच्या हातात दिली. "हिच्याभवताल कागद असते, घड्याघड्याचा. त्याच्यातून तेल गाळून इंजनात जाते. तुह्या बापाच्या हातचाच असंन हा."

अंगणात निंबाखाली हेराल्ड मोटार उभी होती. चार दारांची, दुधी रंगाची. तो रंग आता जुन्या दातांसारखा झाला होता. रामराव मोताळ्याला ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. या गाडीकडे मात्र तो दोस्तीखातर यायचा.

"मयुरीचं लगन कवा हाय?"

"बुद्धपुनवेले."

"मंग फिरून पाह्य. नवा भेटला तं लावू. नाही तं—"

रामरावचा फोन वाजला. कुणाचा तरी ट्रॅक्टर नाल्यात बसला होता. अर्धं वाक्य निंबाखाली तसंच सोडून तो मोटारसायकलवर बसला आणि गेला.

०

मलकापूरचा दुकानदार म्हणाला, "हेराल्ड? हे तं साबनाचं नाव वाटते, भाऊ." खामगावात एकानं नळी उजेडाकडे धरली, भोकांवर बोटं ठेवली आणि गल्ल्यावरच्या भावाला हाक मारली, "देख, चाचा बासरी लाये हैं!" सगळे हसले. देवानंदही हसला. काम निघत असेल तर हसायला त्याची हरकत नसे. बुलढाण्याच्या दुकानदारानं मात्र चहा पाजला. नळीचा फोटो काढून चार ठिकाणी पाठवला, उत्तर येईपर्यंत समोर बसवून घेतलं, आणि उत्तर आल्यावर फोन देवानंदकडे वळवला. वाचून दाखवायची त्याची इच्छा नव्हती.

कंपनी कधीच बंद पडली होती. कागद कोण बनवणार?

रामरावनं ट्रॅक्टरचा फिल्टर बसवून पाहिला. लग्नाला आलेल्या जाड्या पाहुण्यासारखा तो फिल्टरच्या लोखंडी वाटीच्या तोंडाशीच अडला.

मग मुंबई. फोनवर.

"हो... हो, तोच... एकोनसत्तर-सत्तरचं मॉडेल... हाय? हाय म्हनता?"

"..."

"एकच पाह्यजे."

"..."

"पेटी? आवं दादा, पेटी घेऊन काय करू? पोरगी एकच हाय मले."

०

मंजुश्री सासरी गेली तेव्हा हेराल्डच्या मागच्या सीटवर बसून पूर्ण रस्ताभर खिदळत होती, म्हणून तिच्या आईनं फाट्यावर तिला चिमटा काढला. वंदनानं काचेला नाक लावलं होतं, त्याचा डाग देवानंदच्या बापानं, कचरूनं, कितीतरी दिवस पुसला नाही. काजल ओकली. प्रेरणाला गाडीत बसायचंच नव्हतं, नवऱ्याची मोठी गाडी फाट्यावर दिसत होती. पण बसली, आणि उतरताना तिनं दाराच्या कडीला हळद लावली. वस्तीतली प्रत्येक पोरगी अशीच गेली. विहारापासून गावातून फाट्यापर्यंत हेराल्डमध्ये, पुढं नवऱ्याच्या गाडीत. भाडं नाही, पेट्रोल नाही, नारळसुद्धा नाही.

मयुरी लहान असताना प्रत्येक वेळी पुढच्या सीटवर बसायला मिळावं म्हणून रडायची.

"मी त्याच्यातच जाईन, बाबा," आता ती म्हणाली. अकोल्याला रक्त तपासायच्या लॅबमध्ये ती कामाला होती. सुटीवर आल्या आल्या तिनं फोनवर शोधून काढलं होतं: इंग्लंडमध्ये एका माणसाकडे होता फिल्टर. भाव पाहिला, टपालाचा खर्च पाहिला, आणि तिनं फोन पालथा घातला. "साऱ्यायच्या पोरी गेल्या. माहा नंबर आला तं गाडी नाही?"

"तसं काऊन होईन? मी पाह्यतो ना."

ओट्यावर बसलेल्या बनाबाईनं पानाची पिंक टाकली. ही देवानंदची आत्या, कचरूची बहीण.

"मी तं चालत गेलती," ती म्हणाली.

तो काळच तसा होता. वस्तीतल्या नवरीनं गावातून गाडीत बसून जायचं नाही; वेस ओलांडली, फाटा आला, की मग बसायचं. बनाबाई चालली, आणि तिची पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन मागून कचरू. पुढं तो खामगावला एका डॉक्टरांचा ड्रायव्हर झाला. डॉक्टर पुण्याला मुलाकडे जायला निघाले, तेव्हा जाताना त्यांनी गाडी कचरूला देऊन टाकली. ती घेऊन तो गावात शिरला तो थेट मधल्या गल्लीतून. एकदा खाली, एकदा वर.

०

जळगाव जामोदला भागवत नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात एक मेलेली हेराल्ड आहे, असं कुणी सांगितलं. देवानंदनं रजा टाकली, एसटीनं गेला.

"होती," भागवत म्हणाले. "हिवाळ्यात भंगारवाल्याले देली. कोंबड्या अंडे घालत होत्या तिच्यात, सापडतच नव्हते." मग देवानंदचा चेहरा पाहून उठले. "थांबा. एक चीज ठेवली हाय मी."

आतून त्यांनी लोखंडी वाटी आणली. फिल्टरचीच. घासून चकचकीत केलेली, कडेला सरकीच्या ढेपेचा चुरा.

"म्हशीले ढेप मोजाले बेस हाय. आतला कागद? तो तं फेकला. घान होती ना सारी."

"बरं केलं," देवानंद म्हणाला. दुसरं काय म्हणणार.

भागवतांनी जेवू घातलं. वाटीही न्या म्हणाले. ती देवानंदकडे होतीच.

०

देवानंद जनावरांच्या सरकारी दवाखान्यात पट्टीबंधक होता. औषध डॉक्टर सांगत, जखम मात्र तो पाही. बैलाचा फाटलेला खांदा, कुत्र्यानं ओरबाडलेली शेळी, नांगराच्या फाळानं कापलेला खूर. पट्टी किती घट्ट, किती सैल, हे त्याच्या बोटांना कळे. सगळा जन्म त्यानं एकच गोष्ट केली होती: उघडं ते झाकलं.

लग्नाच्या आदल्या दुपारी तो निंबाखाली बसला. नळी पेट्रोलनं धुतली. बाजारातून आणलेलं, जखमेवर बांधायचं पांढरं गॉजचं कापड तिच्याभोवती गुंडाळू लागला. एक थर, त्यावर आडवा थर, टोक आत खोचलेलं. वाटीत बसवलं. ना अडलं, ना हललं.

गाडी सुरू केली. इंजिन एकदा खोकलं आणि चालू झालं. मयुरी हळदीच्या अंगानं दारापर्यंत धावत आली.

"भेटला?"

"भेटला," देवानंद म्हणाला.

०

ऊन उतरल्यावर गाडी विहारापुढून निघाली. मागे मयुरी आणि नवरा, पुढे बनाबाई. तिनंच हट्ट केला होता. कचरू गाडी कधी पळवायचा नाही, माणूस चालतं तशी न्यायचा. देवानंदही तशीच नेत होता. पुढं पोरं नाचत होती. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना नाली, ओट्यांवर माणसं.

"बाबा, लाल लाइट लागला."

"तो लागतेच."

"तेलाचा हाय ना तो?"

"मयु, गप्प बस. नवरी हायस तू."

नवरा हसला. बनाबाई हसली नाही. तिनं दाराची कडी घट्ट धरली होती.

मधल्या गल्लीत, पाण्याच्या टाकीच्या अलीकडे, आतून ठक ठक आवाज येऊ लागला. आधी हळू, मग दार ठोठावल्यासारखा. देवानंदनं पाय जरा सोडला, परत दाबला. गाडीनं एक गचका दिला. बनाबाई पुढं आदळता आदळता राहिली.

मग काही नाही. नाचणाऱ्या पोरांना कळायला वेळ लागला.

फाट्यावरून नवऱ्याची गाडी आत बोलवावी, तर हेराल्डनं गल्ली बुजवून टाकली होती. बाजूला घ्यावी, तर नाली. धक्का मारत परत विहाराकडे न्यायची, असं कुणीतरी म्हणालं, कुणी दोर आणायला पळालं, ओट्यावरून एक म्हातारा म्हणाला, "गेली वाटते कचरूची मोटार." त्याच्या आवाजात हसू नव्हतं. आनंदही नव्हता. नुसतं सांगितलं.

देवानंदनं किल्ली फिरवली. पुन्हा फिरवली.

"राहू द्या, बाबा." मयुरीनं शालू गोळा केला. "इथून कितीसाक हाय."

ती उतरली. नवरा दुसऱ्या बाजूनं उतरला. बनाबाईला कुणी हात दिला, तो तिनं घेतला नाही. स्वतः उतरली, आणि दाराला धरून उभी राहिली.

मयुरी चालू लागली. बाजा बंद झाला होता. पुन्हा सुरू करावा की नाही, हे वाजवणाऱ्याला कुणी सांगितलं नाही.

देवानंदनं डिकीतून तिची चाकांची बॅग काढली आणि मागून निघाला. सिमेंटच्या रस्त्यावर बॅगेची चाकं खडखडत होती. त्या आवाजाची त्याला लाज वाटली. थोडं पुढं गेल्यावर त्यानं बॅग उचलली आणि डोक्यावर घेतली.

०

सकाळी रामरावनं वाटी उघडली. गॉजचा चोथा झाला होता. एक दोरा त्यानं चिमटीत धरला, ओढला. तो आतून, इंजिनाच्या पोटातून येत राहिला.

"हे कोनं भरलं?"

देवानंद निंबाच्या मुळाशी बसला होता.

"दोरे गेले ना बे सारे आत. तेलाच्या वाटा बंद. जाम झालं, आता काही नाही होत त्याचं." रामरावनं दोरा तसाच सोडला. "रिकामी वाटी लावली असती तरी गेली असती फाट्यापर्यंत. एवढ्याशाले काय होते? मी तवाच म्हनत होतो तुले, नाही भेटला तं रिकामंच राहू दे."

"तू म्हनलाच नाही."

रामराव आठवू लागला. त्या दिवशी मधेच वाजलेला फोन आठवला, तेव्हा त्यानं पाना फडक्याला पुसायला घेतला.

"पन भरलं काऊन?" तो शेवटी म्हणाला.

देवानंद उठला. दवाखान्याची वेळ झाली होती.

दवाखान्याच्या आवारात एक बैल बांधून ठेवला होता. जुवानं खांदा सोललेला. देवानंदनं जखम धुतली, मलम लावलं, गॉजची गुंडाळी सोडली आणि थांबला. पांढरी पट्टी त्याच्या हातातून लोंबत राहिली.

"बांधा ना, भाऊ," बैलवाला म्हणाला. "माशा बसून राह्यल्या."