टॉर्किलची शीळ

होडीतून उतरताच मॉसने गळ्यातल्या दोरीला असा हिसका दिला की इशबेलचा पारा चढला. "हळू की रे मेल्या! आयुष्यात पहिल्यांदा या बेटावर येतोयस, वाट माहीत असल्यासारखा पळतोयस कुठं?"

हिवाळ्यात तिचा नवरा टॉर्किल गेला, तेव्हापासून कुत्रा कुणाला जुमानत नव्हता. टॉर्किल शीळ घालून त्याला मेंढ्या वळायला लावायचा. तिकडच्या प्रत्येक धनगराची शीळ वेगळी असते, आणि घरच्या माणसांखेरीज तो ती कुणाला शिकवत नाही. इशबेलला मात्र टॉर्किलने कधीच शिकवली नाही. "तुला नाही जमायचं," म्हणायचा.

गवतावर बसून तिने सँडविचचा डबा उघडला, तेवढ्यात दोरी सुटली आणि मॉस मेंढ्यांच्या दिशेने उधळला.

"मॉस! अरे, मेंढ्यांमागे लागलास तर गोळी घालतील तुला!" ओरडून ओरडून तिचा घसा बसला.

तेवढ्यात टेकडीवरून शीळ आली. दोनदा लांब, मग एक तुटकी. मॉस होता तिथेच पोट टेकून बसला.

इशबेलच्या हातातला डबा पडला. ही शीळ टॉर्किलची होती, आणि त्याला तर तिने स्वतः माती दिली होती.

टेकडीवरून तिशीची एक बाई उतरली. तेच तांबडे केस, तीच तिरकी चाल. मॉस तिच्याभोवती नाचू लागला.

"लबाडा, इतके महिने होतास कुठं?" त्याचे कान कुरवाळत तिने इशबेलच्या मागे, धक्क्याकडे पाहिलं आणि हसत विचारलं, "आणि बाबा कुठायत? होडीतच झोपले की काय?"