आमच्या जिल्ह्याचं शून्य

शिंपीणताई तशी शांत बाई. पण त्या दिवशी तिचं डोकं फिरलं, आणि का फिरू नये?

आमच्याकडे अध्यक्ष काही लोक थेट निवडत नाहीत. लोकांनी प्रतिनिधी निवडायचे, आणि प्रतिनिधींनी राजधानीत जाऊन गुप्त मतदानाने अध्यक्ष ठरवायचा. आमच्या जिल्ह्याचे प्रतिनिधी पाच. त्यातला एक ताईचा धाकटा भाऊ. त्याच्यासाठी ताई महिनाभर मशीन झाकून दारोदार फिरली. "माझ्या भावाला मत द्या, तो डॉक्टरीणबाईंनाच देईल. शब्द माझा!" अध्यक्षपदाला उभ्या राहिलेल्या या डॉक्टरीणबाईंनी अर्ध्या जिल्ह्याची बाळंतपणं केलेली. लोकांनी डोळे झाकून भावाला निवडून दिलं.

आणि बाई हरल्या.

भाऊ परतला तो तोंड पाडून थेट दुकानात. "ताई, मी बाईंनाच दिलं गं. बाकीच्या चौघांनी घात केला." ताईच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिने त्याला चहा दिला, वर दोन बिस्किटं. आपल्या माणसावर विश्वास बसायला कितीसा वेळ लागतो!

चहा संपतो न संपतो तोच रेडिओवर जिल्हावार आकडे सुरू झाले. आमचा जिल्हा आला. डॉक्टरीणबाई, शून्य मतं.

ताईने कात्री खाली ठेवली. "पाचांत एक तुझं होतं ना? ते कुठं गेलं?"

"मोजणीत काहीतरी घोळ..."

"घोळ? काय कबूल केलं त्यांनी तुला?"

भावाने कप बाजूला सारला. "बंदर खात्यात साहेबाची जागा. अगं, गुप्त मतदान, कुणाला कळणार होतं? मला वाटलं, बाकीचे चौघे देतीलच की बाईंना."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे पाचही मेल्यांनी हाच हिशेब केला होता तर! आणि अख्खा जिल्हा बसला बोंबलत.

"ऊठ," ती म्हणाली. "ज्या ज्या दारात मी शब्द दिला, तिथे तिथे जाऊन आता तू सांगायचंस. स्वतःच्या तोंडाने."

पहिलं दार दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर. आत आई. मांडीचं हाड मोडलेलं. तरी लेकाला मत द्यायचं म्हणून मतदानाच्या दिवशी हट्टाने, शेजाऱ्यांना खुर्चीसकट उचलायला लावून तिन्ही जिने खाली आलेली. लेकाला बघून ती तोंडभर हसली.

"आलास? दिलंस ना रे बाईंना?"

भाऊ ताईकडे बघायला लागला.

"माझ्याकडे काय बघतोस?" ताई म्हणाली. "तिला सांग. आणि मोठ्याने सांग, तिला कमी ऐकू येतं."