धाड करून लागणारं दार

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी मोटार आहे आणि सध्या हावड्याच्या पलीकडे भंगाराच्या आवारात उभी आहे. माझ्या एका बाजूला पिवळी टॅक्सी आहे, दुसऱ्या बाजूला चाकं काढलेली मिनीबस. दोघीही दिवसभर बंगालीत कुरकुरतात. माझा जन्म इथलाच, पण मी बोलते मराठी, त्यामुळे माझ्याशी बोलायला इथे कुणी नाही. तुम्ही आलात, बरं झालं. या, आत बसा. सीट फाटली आहे, तिकडे बघू नका.

हुगळीकाठच्या एका कारखान्यात मी तयार झाले. तेव्हा मोटारी कुणी बनवायच्या आणि किती बनवायच्या, हे सरकार ठरवायचं. परदेशी गाडी आणायची तर एवढा कर पडायचा, की भलेभले हात टेकायचे. लोक नाव नोंदवून वर्षानुवर्षं माझी वाट बघत. मग काय, मी मिरवायचे! वासरांत लंगडी गाय शहाणी, अशी माझी गत होती. पण आपण लंगडी आहोत, हे लंगडीला सांगणार कोण?

माझं लंगडेपण होतं माझ्या दारात. मागचं दार जोरात आपटल्याशिवाय लागायचंच नाही. धाड! माझ्या आधीच्या बहिणींचं तसंच आणि नंतरच्यांचंही तसंच. ते दुरुस्त करायची तसदी कुणी घेतली नाही. कशाला घेतील? दार कसंही असलं तरी गाडी खपणारच होती.

मला घेतलं मनोहररावांनी. खिदिरपूरच्या गोदीत ते सरकारी अधिकारी होते. बदलीवर कोलकात्याला आले आणि इथलेच होऊन गेले. त्यांनी नाव नोंदवलं तेव्हा त्यांचा उन्मेष रांगत होता. मी दारात आले तेव्हा तो दप्तर घेऊन शाळेत जात होता. निर्मलाबाईंनी मला हळदकुंकू लावलं, माझ्यापुढे नारळ फोडला. अगं बाई, काय थाट होता माझा!

पहिल्याच दिवशी मनोहररावांनी नियम केला. घराबाहेर बंगाली बोला, हिंदी बोला, काय हवं ते बोला. पण गाडीचं दार लागलं, की मराठी! जो चुकेल त्यानं तेराचा पाढा म्हणायचा. हावडा पुलावर गाड्यांच्या गर्दीत अडकलं, की मागे उन्मेषचा पाढा सुरू असायचा आणि निर्मलाबाई म्हणायच्या, "अहो, पोराला श्वास तरी घेऊ द्या!" मी मराठी शिकले ती अशी, ऐकून ऐकून. धाड आवाज झाला, की माझ्या पोटात मराठी सुरू. मला फार आवडायचं ते.

मग सरकारनं बाजाराची दारं उघडली. हलक्या, गार वाऱ्याच्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या गाड्या आल्या. त्यांची दारं कशी, नुसतं बोट लावलं की मिटली! आता माझं सगळंच लोकांना खुपू लागलं. नावडतीचं मीठ अळणी. मला धावायचं कुणी शिकवलंच नव्हतं आणि एकदम शर्यतीत उभं केलं. एक दिवस माझ्या कारखान्याला कुलूप लागलं. त्या दिवसापासून मला माहेर राहिलं नाही.

निर्मलाबाई गेल्या. उन्मेष सेक्टर फाइव्हच्या, संगणक कंपन्यांच्या वस्तीतल्या ऑफिसात कंपनीच्या गाडीनं जाऊ लागला. कोलकात्यातल्या सॉल्ट लेक भागात आमचं घर, त्याखाली माझ्या अंगावर कापड घालून मला उभं केलं. कुणी यायचं नाही. एक मांजर टपावर झोपायचं, तेवढीच सोबत. बाहेर पावलं वाजली की मला वाटायचं, आलं कुणीतरी. पावलं पुढे निघून जायची. फार एकटं वाटायचं हो.

मग कादंबरी मोठी झाली. उन्मेषची मुलगी. तिची शाळा इंग्रजी, मैत्रिणी बंगाली. मराठी तिच्या वाट्याला आलीच नव्हती. मनोहर आजोबा रोज संध्याकाळी तिला घेऊन खाली यायचे, कापड काढायचे, आम्ही जागच्या जागी प्रवासाला निघायचो. धाड! मराठी सुरू. पोरगी म्हणायची, "आजोबा, मला पाणी खायचंय." बंगालीत पाणी खातात, तिचा काय दोष? पण बंगालीत 'आला' आणि 'आली' हा भेदही नाही. त्यामुळे ती मला म्हणायची, "आपला गाडी छान आहे." आपला! एवढी नटलेली बाई मी, आणि मला 'तो'? आजोबा हसून सुधारायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मग जुन्या गाड्यांसाठी नवा नियम आला. धुराची परीक्षा द्यायची. पास झालात तर रस्ता, नाहीतर भंगार. भंगारात घातली तर नव्या गाडीवर सूट. ज्या सरकारनं मला पदराखाली वाढवलं, त्यानंच आता बाहेरची वाट दाखवली. मी नापास झाले. धूर सोडत होते, हे खरंच आहे.

त्या संध्याकाळी उन्मेष येऊन पुढच्या सीटवर बसला. मागे आजोबा होते.

"बाबा, हिला द्यावं लागेल."

"मग कादंबरी मराठी कुठे बोलणार?"

"बाबा, रागावू नका. या गाडीलासुद्धा असंच दार बंद करून वाढवलं होतं ना? बाहेरचं वारं लागलं आणि ती संपली. तुम्ही मराठीचं तेच करताय."

आजोबांनी माझ्या फाटक्या सीटवरून हात फिरवला. मग म्हणाले, "खरं असेल तुझं. पण दार बंद केलं नसतं, तर तू आत्ता हे मला मराठीत सांगितलं असतंस का?"

उन्मेष उतरला आणि त्यानं पुढचं दार लावून घेतलं. मी त्या प्रश्नाचा अजून विचार करतेय.

नवी गाडी आली. तिचं दार इतकं हळू मिटतं, की मराठी केव्हा सुरू करायची ते कळतच नाही, असं आजोबा म्हणाले. आणि आत एक बाई इंग्रजीत डावीकडे वळा, उजवीकडे वळा सांगत असते म्हणे.

मला न्यायला माणसं आली. साखळी अडकवली. गल्लीतली पोरं बघायला जमली, कादंबरीच्या मैत्रिणीही होत्या. आजोबा फाटकाशी उभे होते, माझ्याकडे बघवत नव्हतं त्यांना. मी ओढली जात होते. वळणावर मागून कादंबरीचा आवाज आला. ती रडत होती.

"आजोबा, आपली गाडी गेली."

आपली. गेली. आजोबांनी सवयीनं सुधारायला तोंड उघडलं, पण सुधारायला काही नव्हतं. आणि पोरगी कुठे उभी होती? माझ्या आत नव्हे. भर रस्त्यात, सगळ्यांसमोर.

मित्रांनो, जिवापाड जपलेलं कधीतरी बाहेर पडतंच. ते उघड्यावर टिकेल का, मला माहीत नाही. मी टिकले नाही. तुम्ही तुमची भाषा जपा, एवढंच म्हणेन. उद्या यंत्र येईल आणि मला दाबून चपटी करेल, असं टॅक्सी म्हणत होती.

आता एक करा माझ्यासाठी. ते मागचं दार ओढून घ्या. असं नाही, जोरात. हं. आणि बोला काहीतरी. चुकलं तरी चालेल. मला 'तो' म्हणालात तरी चालेल.