व्हरांड्यातला फळा आणि रनाळ्याचे तिखट

मित्रांनो, मी नंदुरबारच्या एका वाणिज्य महाविद्यालयातला जुना लाकडी फळा आहे. अक्कलकुव्याच्या धुडकू सुताराने सागाच्या फळ्या जोडून, खाली दोन पाय लावून मला घडवले. पुष्कळ वर्षे मी हिशेबशास्त्राच्या वर्गात काढली. शेजारच्या खोलीत विपणन शिकवत. भिंतीपलीकडून नुसता आवाज येई, कळत काहीच नसे. मग वर्गात स्मार्ट बोर्ड आला आणि मला दोन खोल्यांमधल्या व्हरांड्यात आणून ठेवले. मुले माझ्यावर ओले रेनकोट वाळत घालत. फार वाईट वाटे.

यंदा रनाळ्याच्या कौसाबाई आल्या. त्यांच्या बचत गटाचे मिरची दळायचे मशीन आहे. मागे हिशेबाच्या नवनीत सरांनी त्यांना सांगितले होते, सगळी मिरची एकदमच दळा, खर्च वाचेल. विपणनाच्या रूपल मॅडम म्हणाल्या होत्या, जास्तीत जास्त दुकानांत माल ठेवा. बाईंनी दोघांचेही ऐकले. आता तिखटाचा रंग उडाला होता आणि दुकानदार पाकिटे परत करत होते.

"सर, मन्ह्या बाया म्हनतस, मशीन इकी टाकूत," कौसाबाई म्हणाल्या. गटातल्या बायका मशीन विकायला निघाल्या होत्या.

वर्गात वीज नव्हती. सरांनी व्हरांड्यातच मला पुसले आणि एकदम दळलेला माल किती दिवस पडून राहतो, ते काढून दाखवू लागले. रूपल मॅडम बाहेर आल्या नि ते वाचून थबकल्या.

"सर, एकदम दळायला तुम्ही सांगितलंत?"

"हो. का?"

"आणि मी तोच माल दुकानादुकानांत पसरायला लावला! मग तिखट शिळं होणारच की. आपण एकमेकांना विचारलंच नाही."

सरांनी खडू मोडून अर्धा मॅडमच्या हातात दिला. दोघे माझ्यावर शेजारी शेजारी लिहू लागले. मिरची अख्खी आणि कोरडी ठेवायची, मागणीपुरतीच दळायची. दुकाने मोजकीच, पण भरपूर खपाची.

काही आठवड्यांनी कौसाबाई लालभडक तिखट घेऊन हसत आल्या.

"एकबी पाकीट परत उनं नही. मन्हा जीवमा जीव उना!"

सरांनी मोठा श्वास सोडला. मलाही किती हलके वाटले म्हणून सांगू!

आता दर शनिवारी दोन्ही वर्ग माझ्यासमोर एकत्र बसतात. मित्रांनो, शेजारच्या खोलीत काय शिकवतात, ते तुम्हीही विचारत जा. आणि माझा डावा पाय किडला आहे, तेवढा बदलून घ्या. शनिवारी मला उभे राहायचे असते.