चिंधीत बांधलेली कडी

मी एक जुनी लोखंडी कडी आहे. औरादला गुरप्पांच्या घरात बाहेरचा सोपा आणि आतलं माजघर यांच्यामध्ये जे दार आहे, त्याला आतल्या बाजूनं लटकण्यात माझा बहुतेक जन्म गेला. पण मित्रांनो, मला नुसती दार लावायची कडी समजू नका बरं! हैदराबादच्या विद्यापीठात माझ्यावर चांगली चौदा पानं लिहिली गेली आहेत. चौदा!

खटकचिंचोळीच्या एका लोहारानं गाडीच्या चाकावरच्या जुन्या लोखंडी पट्टीतून मला घडवलं. भट्टीतून निघाले तेव्हा मी लालबुंद होते. पाण्यात बुडवल्यावर काय चरचरले म्हणून सांगू! दाराला लागले तेव्हा वाटलं, आता अडकायचं आणि सुटायचं, एवढंच आपलं आयुष्य. पण त्याच वर्षी गुरप्पांची बायको बसव्वा नवी नवरी होऊन घरात आली.

त्या काळी आमच्याकडे सून सासऱ्यासमोर तोंड उघडत नसे. चारचौघांत नवऱ्याला हाकही मारत नसे. मग सांगायचं कसं? बसव्वानं मला बोलकं केलं. एकदा वाजवलं की ताट वाढलंय. दोनदा झटपट वाजवलं की बाहेर माणसं किती, चहा किती ठेवू? फळीवरून खर्रकन ओढलं की जरा आत या, काम आहे. बाहेरून खोकून उत्तर येई. तीनदा खोकलं की तीन कप! पुढं बसव्वा सासू झाली आणि ही सगळी विद्या तिनं आपल्या सुनेला, महादेवीला शिकवली. गुरप्पा आल्यागेल्याला हसून सांगत, “आमची सून बोलत न्हाई बघा, पर तिचं ऐकल्याबिगर मला जेवाय मिळत न्हाई.” तेव्हा मी किती फुगत असे!

निजामाच्या राज्यातलं फसली साल तेराशे सत्तेचाळीस, म्हणजे इसवी सन एकोणीसशे अडतीस. त्या सालची संक्रांत झाली आणि महादेवीचा नवरा अमृतप्पा हैदराबादहून उतरल्या तोंडानं घरी आला. तो एम.ए.ला होता. माणसं आपलं म्हणणं एकमेकांना कसं पोचवतात, हा त्याचा अभ्यास. आठवडी बाजारातली बोलणी त्यानं वह्यांत भरून नेली होती. पण त्याच्या प्राध्यापकांनी सगळं परत केलं. म्हणाले, “यात बाजार आहे, घर कुठं आहे? पाडव्यापर्यंत घर लिहून आणा. नाहीतर हे वर्ष गेलं समजा.” वर्ष गेलं तर हैदराबादला मिळणारी मास्तरकी जाणार होती. महादेवी आणि तान्ही लेक चन्नी त्याच्याबरोबर तिकडं राहायला जाणार होत्या, तेही राहून जाणार होतं.

मग अमृतप्पा सोप्यावर वही घेऊन बसला. कोण काय म्हणालं, शब्द न् शब्द लिहू लागला. मी वाजले की तो दचके. कागदावर शाई सांडे. दुसऱ्याच दिवशी तो वैतागून उठला.

“काय खणखण लावलीय ही! मला काय ऐकू येत न्हाई.”

आणि मित्रांनो, त्यानं माझ्याभोवती धोतराची चिंधी गच्च गुंडाळली! वहीत त्यानं लिहिलं, ‘घरात स्त्रिया बोलत नाहीत.’ चिंधीच्या आत मी नुसती गुदमरत होते.

चार दिवस घर कसंबसं चाललं. भाकरी गार झाली, की गुरप्पा विचारत, “आज सैपाक हाय का न्हाई?” पाचव्या दिवशी बसव्वा शेताला गेली होती. अमृतप्पानं नव्यानं लिहिलेली पानं शाई वाळायला परसात बाजेवर पसरली आणि तो सोप्यात येऊन बसला. तिथं गुरप्पांसोबत गावची चार माणसं होती. महादेवी माझ्याजवळ चन्नीला पाजत बसली होती. मागच्या दारातून तिनं पाहिलं, तर दावं तोडून वासरू बाजेपाशी आलेलं!

तिचा हात सवयीनं माझ्याकडे धावला. थप. थप. थप. मी जीव खाऊन हलले, पण चिंधीतून आवाजच निघेना! एवढ्या माणसांत हाक मारावी, तर तिच्या तोंडातून शब्द फुटेना. शेवटी रडत्या लेकराला खाली ठेवून ती धावली. तोवर वासरानं अकरा पानं चघळली होती.

अमृतप्पानं डोक्याला हात लावला. “आगं, दिसलं व्हतं तर सांगायला काय झालं?”

महादेवी दाराआड उभी राहिली. थेट बोलायचं नसलं की आमच्याकडे बायका लेकराच्या आडून बोलतात. चन्नीला उचलून ती म्हणाली, “चन्ने, सांग तुझ्या अप्पाला. आमचं तोंड त्यांनीच चिंधीनं बांधलंय.”

 मग गुरप्पा खदखदून हसले. “खरंय की रं! कडी वाजवून सांगितलं आसंल तिनं. तू काय लिवायलास, आन् कान कुठं ठिवलास?”

संध्याकाळी शेतावरून आलेल्या बसव्वानंही सुनावलं, “एवढं शिकून आलास, आन् दाराला मुकं केलास व्हय!”

अमृतप्पानं स्वतःच्या हातानं चिंधी सोडली. कसं मोकळं वाटलं मला! दुसऱ्या दिवसापासून तो सोप्यात नाही, माजघरात माझ्याशेजारी बसला. महादेवी वाजवून दाखवी, तो लिहून घेई. मध्येच तो स्वतः वाजवून बघे आणि चुके. ती पदरात हसून म्हणे, “आवो, तुमी तर सा पाहुणे बोलावलाव!” दोघांचं इतकं बोलणं लग्नापासून झालं नव्हतं. माझे सतरा बोल निघाले. सतरा! मलाही एवढे ठाऊक नव्हते.

पाडव्याच्या आधी ते लिखाण पोचलं आणि पास झालं! पहिल्या पानावर त्यानं लिहिलं होतं, ‘सांगणारी : महादेवी’. तिला वाचता येत नव्हतं. त्यानं तिचं बोट धरून त्या अक्षरांवरून फिरवलं.

आता त्या दाराला नवी खिटी आहे. मी खुंटीवर लोंबते, गंजते. कुणी तेलाचं बोट लावलं तर बरं वाटतं. मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी भांडं आपटत असेल, कुणी बांगड्या वाजवत असेल, कुणी तान्हं किंचाळत असेल. कटकट म्हणून त्याच्यावर चिंधी गुंडाळू नका. जवळ बसा आणि विचारा, काय सांगायलास बाबा?

हैदराबादला निघताना महादेवी चन्नीला कडेवर घेऊन माझ्याजवळ थांबली होती. चन्नीचा इवलासा हात धरून तिनं मला एकदाच, अगदी हळू वाजवलं. बाहेरून गुरप्पा खोकले, पण तो खोकला नीट निघालाच नाही.

तो अठरावा बोल. वहीत तो लिहायचा राहून गेला.