बिनमिठाचा डबा

डब्याचं झाकण उघडलं की रॉइसला आधी ब्रोकोलीचा वास यायचा आणि मग लाज वाटायची.

डबा मार्लिसनं दिलेला असायचा. मार्लिस म्हणजे टोबीची बायको. टोबी आणि रॉइस एकाच लोखंडाच्या खाणीत, ट्रकदुरुस्तीच्या शेडमध्ये कामाला होते आणि पाळी संपली की एकाच जिममध्ये जायचे. उकडलेली कोंबडी, पांढरा भात, ब्रोकोली. मीठ नाही, लोणी नाही. मार्लिस टोबीचा डबा भरायची आणि त्याच्यासोबत रॉइसचाही. "एकटा माणूस. स्वतःपुरतं कोण मन लावून शिजवतं?" असं म्हणायची. त्या वेळी तिच्या कडेवर त्यांची लहानगी लेक ओपल असायची, रात्रभर रडून सकाळी सगळ्या जगाकडे बघून बोळकं पसरणारी.

आई गेल्यापासून रॉइसच्या घरात खरंच कुणी नव्हतं. गेल्या शरदात तो डुलुथ शहरात शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेत उतरला होता. रांगेत सगळ्यात शेवटी उभा होता, आणि परीक्षकांची नजर त्याच्यापर्यंत पोचायच्या आतच वळली होती. पस्तिशी जवळ आलेली. जिममधल्या एकानं हळूच विचारलं, "कोर्स करायचाय का?" तेव्हा तो हो म्हणून गेला.

स्टेरॉइडचं पहिलं इंजेक्शन त्यानं न्हाणीघरात, आईच्या जुन्या स्टुलावर बसून मांडीत घेतलं. सुईची भीती नव्हती, पण शेजारी कुणीतरी असावं असं फार वाटलं. लहानपणी दवाखान्यात आई त्याचा चेहरा पोटाशी दाबून धरायची आणि "झालं, झालं" म्हणायची. खरं तर झालेलं काही नसायचं, डॉक्टर अजून सुईच भरत असायचा. शेवटी तो स्वतःच स्वतःला "झालं, झालं" म्हणाला, आणि रिकाम्या घरात आपलाच आवाज ऐकून ओशाळला.

मग अंग भरायला लागलं. शर्ट खांद्यांत दाटले. पाठीवर फोड आले, रात्री घामानं उशी भिजायची, आणि साधा पाना हरवला तरी डोकं फिरायचं. पण बारवरचं वजन दर आठवड्याला वाढत होतं. आरशासमोर टोबी त्याच्याकडे बघतच राहिला.

"लेका, खातोस तरी काय?"

"कोंबडी," रॉइस म्हणाला. "भात. वेळच्या वेळी, बस्स."

इतकं सहज बोलून गेला तो. आणि खोटं तरी कुठे होतं? कोंबडी खातच होता की.

पण टोबीनं ते शब्द मनावर घेतले; पुढच्या स्पर्धेत त्यालाही उतरायचं होतं. दुसऱ्या दिवसापासून मार्लिस त्याच्यासाठी, आणि रॉइससाठीही, कोंबडी उकडायला लागली. त्यानं बिअर सोडली, सासूच्या वाढदिवसाचा केक सोडला. रॉइस जेवढे सेट मारेल तेवढे मारायचा, वर एक जास्तच. खांदा दुखायला लागला तर त्यावर बर्फ ठेवून पुन्हा हजर. आणि अंग मात्र तिथल्या तिथे! उलट गालफडं बसली.

"माझंच काहीतरी चुकतंय," तो म्हणायचा. "कोंबडी तीच, भात तोच. माझ्या हाडातच खोट आहे बघ. आमच्या बापाचेही दंड असेच, पळीच्या दांड्यासारखे."

एकदा असाच विषय निघाला आणि तो मिटवायचा म्हणून रॉइस म्हणाला, "झोप कमी पडत असेल तुला. पोर लहान आहे."

टोबीनं मान डोलावली. रॉइसला वाटलं, सुटलो.

मार्चमधल्या एका शनिवारी तो धुतलेले डबे परत द्यायला टोबीच्या घरी गेला. टोबी दुकानात गेला होता. मार्लिसनं दार उघडलं. अंगात नवऱ्याचा स्वेटर, केस दोन दिवस न विंचरलेले, खांद्यावर दुधाचा वाळलेला डाग. ओपल तिच्या गळ्याशी चिकटून कुरकुरत होती.

"ये ना. पसाऱ्याकडे बघू नकोस." तिनं खुर्चीवरची लंगोटं उचलली. "तुला एक विचारू? रागावू नकोस."

"विचार."

"टोबी तळघरात झोपतो आता. पोर रडली की झोप मोडते, आणि झोप झाली नाही तर अंग भरत नाही, असं तू सांगितलंस म्हणे. मी म्हटलं, जा बाबा, झोप खाली. एवढ्या हौसेनं करतोय. स्पर्धेपर्यंतच ना, काढीन मी रात्री." ती हसली, पण ते हसू काही टिकलं नाही. "फक्त एवढं सांग, त्याचा उपयोग होतोय ना? तुला दिसतो का काही फरक? तू सांगितलंस की मला बरं वाटेल. मग हिला घेऊन फेऱ्या मारताना तेवढं तरी मनात धरता येईल."

ओपलनं मूठ पुढे करून रॉइसचं बोट पकडलं. केवढी घट्ट पकड त्या एवढ्याशा जिवाची!

"दिसतो," रॉइस म्हणाला. "थोडा थोडा."

गाडीत येऊन तो बराच वेळ किल्ली न फिरवता बसून राहिला. आता यापुढे तिचा डबा त्याच्या घशाखाली उतरला नसता. आणि टोबीला खरं सांगितलं तर तो मैत्री तोडून जाणार होता. टोबी गेला की मग आपली वाट बघणारं या गावात दुसरं होतंच कोण?

सोमवारी टोबी बेंचवर आडवा झाला आणि रॉइस नेहमीसारखा त्याच्या डोक्यामागे उभा राहिला. तिसऱ्यांदा उचलताना बार छातीवरून हलेना. टोबीचा दुखरा खांदा थरथरायला लागला. रॉइसनं बार धरला आणि रिकामी बादली उचलावी तसा उचलून जागेवर ठेवला.

टोबी उठून बसला. धापा टाकत म्हणाला, "बघ. दोन बोटांनी उचललंस. खरं सांग ना गड्या, माझं काय चुकतंय?"

"काही चुकत नाहीये तुझं."

"मग?"

"मी कोर्स करतोय."

"कसला? कॉम्प्युटरचा?" टोबी हसला. मग रॉइसचा चेहरा बघून थांबला. "कधीपासून?"

"नाताळानंतर. तू पहिल्यांदा विचारलंस ना, त्याच्या आधीपासून."

टोबीनं टॉवेल उचलला, पण तोंड काही पुसलं नाही. शेजारी कुणीतरी डंबेल खाली टाकलं, जमीन हादरली.

"म्हणजे मी सासूचा केक उगाच सोडला," तो म्हणाला. "म्हातारी अजून बोलत नाही माझ्याशी."

रॉइसला हसू आलं. क्षणभर वाटलं, जातंय हे निभावून. पण टोबी हसत नव्हता.

"सुयांचं मला काही नाही रे. तुझं अंग आहे, तू बघ. मला आधी सांगितलं असतंस तर सुई टोचायलाही आलो असतो. पण मी तळघरात झोपलो, रॉइस. पोर वर किंचाळत होती आणि मी कानात बोळे घालून पडलो होतो. तुझ्याकडे बघून."

"माहितीये."

"माहिती होतं?"

"शनिवारी कळलं. मार्लिसनं सांगितलं. फरक दिसतो का विचारत होती."

"तू काय म्हणालास?"

रॉइस फडक्यानं बार पुसायला लागला. टोबीनं पिशवी उचलली. दारापर्यंत गेला, परत आला, बारवरच्या आपल्या प्लेटा काढून जागच्या जागी लावल्या, कारण तशीच त्याची सवय होती, आणि निघून गेला.

त्यानंतर टोबी जिममध्ये आला नाही. शेडमध्ये लागेल तेवढंच बोलायचा. अमुक पाना दे, तमुक ट्रक घे. रॉइस बेंचवर आडवा झाला की वर छतावरची दिव्याची नळी दिसायची. तिथे पूर्वी टोबीचा उलटा चेहरा असायचा, लाल, "अजून एक, अजून एक" ओरडणारा. मागे उभं राहायला दुसरं कुणीही आलं असतं. त्यानं कुणाला बोलावलं नाही. एकट्याला झेपेल तेवढंच वजन ठेवलं. पुढे त्यानं इंजेक्शनंही सोडली. कपाटातली बाटली तशीच राहिली.

मार्लिसचा एक डबा त्याच्याकडे राहून गेला होता. एका संध्याकाळी तो द्यायला गेला. पायऱ्यांवरचा बर्फ वितळून पुन्हा गोठला होता, कठड्याला धरत वर चढला. बोट घंटीवर ठेवलं, आणि आतून ओपलचं रडणं ऐकू आलं. मग पावलांचा आवाज, जड, पुरुषाचा. खिडकीच्या पडद्यावर सावली इकडून तिकडे जात होती, खांद्यावर गाठोडं घेतल्यासारखी.

"झालं, झालं," टोबी म्हणत होता. "झालं गं राणी, झालं."

रॉइसनं घंटीवरचं बोट काढलं. डबा दाराशी ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून पायपुसण्याचा कोपरा त्यावर ओढला, आणि पोरीचं रडणं थांबेपर्यंत तिथेच उभा राहिला.